निजवणारी

१

बुधवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी हे सुरू झालं. वेळ पक्की आहे. भागूबाई नुकतीच वरच्या मजल्यावर जाऊन आपल्या तान्ह्या चिमणीला बघून आली होती, आणि जिना उतरताना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून तिने स्वतःलाच दम भरला होता, की आता अकरापर्यंत वर जायचं नाही. सारखे जिने चढत राहिलं तर झाडलोट कधी व्हायची?

भागूबाई हे तिचं खरं नाव नव्हे, नवऱ्याने पाडलेलं. पाल दिसली की हिचा जीव वर, कडी वाजली की हिचा जीव वर, आणि आठ महिन्यांची चिमणी जरा जास्त वेळ झोपली की ही तिच्या नाकापुढे बोट धरून बसायची, श्वास चाललाय ना बघायला. तो 'भित्री भागूबाई' म्हणायचा. पुढचं 'भित्री' कधीतरी गळून पडलं आणि भागूबाई उरली.

झाडू घेऊन ती खालच्या हॉलमध्ये शिरली. हॉलच्या मधोमध एक खोटी खोली उभी होती. लाकडी फळ्यांच्या भिंती, एका फळीवर रंगवलेली खिडकी, आत खाट, पाळणा, आणि पाळण्यात बाहुली. नाटकातल्यासारखी. तिथला केर काढायचा, पण वस्तू हलवायची नाही, असा ती जिथे कामाला होती त्या बाईंचा दंडक होता.

बाहुली रोज उताणी असायची. आज ती कुशीवर होती, तोंड भिंतीकडे. पाठीशी फडक्याची वळकटी. जवळ कुणीतरी निजलंय असं बाळाला वाटावं म्हणून आया लावतात ना, अगदी तशी. फडकं भागूबाईचंच होतं, फरशी पुसायचं, काल धुऊन वाळत टाकलेलं.

बाईंनीच केलं असणार, तिने मनाशी म्हटलं. हॉलची चावी बाईंकडे, तिला मिळायची ती केर काढण्यापुरती. दुसरं कोण करणार?

आपलं फडकं तेवढं काढून घ्यावं म्हणून तिने वळकटीला हात लावला, आणि झाडू गळून पडला. हॉल गारठलेला होता, फरशी तळव्यांना बोचत होती. वळकटी मात्र उबदार होती. कुणीतरी आत्ताच मांडीवरून उचलून ठेवल्यासारखी.

२

बाईंना सगळे डॉक्टरीणबाई म्हणत, पण त्या गोळ्या-औषधं देणाऱ्या नव्हेत. गुन्हा जिथे झाला ती जागा बघायची आणि न सापडलेला माणूस कसा असेल ते पोलिसांना सांगायचं, हे त्यांचं काम. त्याला प्रोफाइल म्हणतात, हे भागूबाईला तिथे कामाला लागल्यावर कळलं. सातवीपर्यंतच्या पुस्तकांत असलं काही नव्हतं. बाई एकट्या राहायच्या, गुडघ्यांनी बेजार, तोंडाने फटकळ. पण चिमणीला बरोबर आणू का, असं भागूबाईने भीत भीत विचारलं, तेव्हा त्यांनी काही न बोलता आपल्या टेबलाखाली चटई अंथरली. त्या दिवसापासून बाईंच्या चपलेचे पट्टे चिमणीच्या मालकीचे झाले.

सध्याची केस आजूबाजूच्या वस्तीतलीच होती. भर दिवसा कुणीतरी घरात शिरत होतं. आई गच्चीवर किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात गेलेली, मागे मूल रडत असलेलं. आई येऊन बघते तो मूल गाढ झोपलेलं. लाळ पुसलेली, झबलं सरळ केलेलं, पाठीशी वळकटी. कुलूप जसंच्या तसं. तीन घरांत असं झालं आणि लोकांनी हसण्यावारी नेलं. "आमच्याकडे पण पाठवा की तिला, दुपारची जरा पाठ टेकता येईल," असं बायका जिन्यात म्हणायच्या. चौथ्या घरात आई परतली तेव्हा पाळणा हलत होता आणि आत मूल नव्हतं. मग कुणी हसलं नाही.

त्या चौथ्या घरातली खोली बाईंनी हॉलमध्ये हुबेहूब उभी केली होती. ही त्यांची पद्धत. एकच गोष्ट कमी पडत होती, रडणं. म्हणून सोमवारी चिमणीने भुकेने टाहो फोडला तेव्हा बाईंनी तिच्यापुढे मोबाईल धरून ते रडणं भरून घेतलं होतं. भरून होईपर्यंत भागूबाई पदर सावरून शेजारी बसून राहिली, बोलणार काय.

आता बाई कठड्याला धरत खाली आल्या. बाहुलीकडे बघितलं. मग खाटेखालच्या स्पीकरकडे बघितलं, त्याचा दिवा लुकलुकत होता.

"काल संध्याकाळी मी हा बंद केला नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे तुझी चिमणी कालपासून इथे रडतेय. एकटी. कुलूपबंद हॉलमध्ये."

"पण आवाज कुठाय, बाई?"

बाई मोठ्या कष्टाने वाकल्या. आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत खाली फिरवलेलं होतं.

"तू केलंस?"

"नाही हो. मी तर आत्ता आले."

बाईंनी एका बोटाने बटण थोडंसं वर फिरवलं. चिमणीचं रडणं बारीक होऊन बाहेर आलं, हुंदक्यांसकट. भागूबाईला पुढचं काही ऐकू आलं नाही. ती जिना चढत होती. वर खरी चिमणी चटईवर बसून चपलेचा पट्टा चघळत होती.

३

पोलिसांचे साहेब दुपारी आले. भला माणूस, दोन मुलांचा बाप, पण कामाचं बोलायला लागला की फाईल वाचतोय असं वाटायचं.

"वॉचमनने केलं असेल," ते म्हणाले.

"वॉचमन बाहुलीला कुशीवर निजवेल?"

"आमचा एक वॉचमन खुर्चीला निजवायचा. स्वतःसकट." मग त्यांनी चहाचा घोट घेतला. "हे बघा बाई, मी मागच्या शंभर केसेस समोर ठेवल्या. घरात शिरून काही न नेणारा माणूस रंगीत तालीम करत असतो. पुरुष, तिशीतला, एकटा, कुलपांचं काम येणारा. तीन घरं तालीम झाली, चौथ्यात हात मारला. आता पाचव्याच्या मागावर असेल."

"तुम्ही शंभर खोल्यांची सरासरी काढता. मला ही एकच खोली वाचायचीय. तालीम करणारा माणूस झबलं सरळ करत बसत नाही."

"मग कोण बसतं?"

बाईंनी भागूबाईकडे बघितलं. "ये ग इकडे. बाहेर जाऊन परत आत ये. तू या मुलाची आई नाहीस. तू नुसतं रडणं ऐकलंयस. काही ठरवू नकोस, तुझे हात काय करतात ते मला बघू दे."

भागूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण स्पीकर सुरू झाला आणि लाज कुठल्या कुठे गेली. बाहुली आहे, स्पीकर आहे, चिमणी वर बाईंच्या दुपारी येणाऱ्या मदतनीस मुलीजवळ आहे, सगळं ठाऊक असूनही पान्हा फुटला. ती पाळण्याशी गेली, खाली बसली. हाताने गाल पुसला, कोरडा गाल. कुशीवर वळवलं. फडकं गुंडाळून पाठीशी सरकवलं. तोंडाने हुं हुं चाललंय हे तिचं तिलाही कळलं नाही.

एक गोष्ट मात्र कळली. तिने साहेबांना ती सांगितली नाही. सगळा हॉल गारठलेला असताना ती जिथे बसली तेवढीच फरशी ऊन होती. आधी कुणीतरी तिथेच, तसंच, बराच वेळ बसून गेल्यासारखी.

बाई बोलू लागल्या, डोळे मिटून. "बाई आहे. तरुण. सदा धास्तावलेली. दुसऱ्याच्या मुलाचं रडणंही सहन होत नाही. येते, जाते, पण कुणाच्या नजरेत भरत नाही. तिला काही न्यायचं नाहीये. रडणं थांबवायचंय, बस."

साहेबांचा कप ओठांपर्यंत जाऊन थांबला. ते भागूबाईकडे बघत होते.

"ही तुमच्याकडे कधीपासून आहे?"

"चहा प्या, साहेब," बाई म्हणाल्या. "गार होतोय."

४

"मी असेन का हो ती?" संध्याकाळी तिने नवऱ्याला विचारलं.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. हातांना तेलाचा वास घेऊन घरी यायचा आणि ते साबणाने तीन वेळा धुतल्याशिवाय चिमणीला हात लावायचा नाही. आता ती त्याच्या छातीवर पालथी पडून त्याची मिशी ओढत होती.

"तू? तू स्वतःच्या घरात शिरताना घाबरतेस. दुसऱ्याच्यात कशी शिरशील?"

"थट्टा नको. त्यांनी सांगितलेलं सगळं मला लागू पडतं."

"मग माझ्या आईलाही पडतं. खालच्या मावशींनाही पडतं. मूल रडलं की कुठली बाई शहाण्यासारखी वागते, सांग बघू."

तिला हसू आलं, पण मनातली पाल चुकचुकत राहिली. त्याला काय माहीत, चिमणी झाल्यापासून तिच्या कित्येक दुपारी कशा जायच्या. भाजी चिरलेली असायची, कधी चिरली ते आठवायचं नाही. दार लावलेलं असायचं, कधी लावलं ते आठवायचं नाही. ती तीन घरं, ते चौथं घर, त्या त्या दुपारी आपण कुठे होतो? घरीच. आणखी कुठे असणार? पण घरीच होतो याला साक्ष कोण, तर चिमणी.

"इकडे ये," नवरा म्हणाला. त्याने एक हात मोकळा केला. "हे बघ, तू असलीस तर मी म्हणेन, पोरांचं नशीब. झोप आता. मी जागा आहे."

तो जागा राहिला नाही. पाच मिनिटांत दोघं बापलेक घोरायला लागले. पण म्हणाला, तेवढ्याने तिच्या जिवाला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वस्तीत जिन्याजिन्यात पोलिसांचं पत्रक लागलं. घरी परतताना आवाज करू नका. आत कुणी असल्याचा संशय आला तर दार एकदम उघडा, त्याला पळायला वेळ देऊ नका.

५

"चौथ्या घरातल्या बाईला भेटून आले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या चिमणीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, म्हणजे एखादी काचेची बरणी धरावी तशा, कोपरं वर करून. "तिने पोलिसांना एक गोष्ट सांगितलीच नव्हती. हसतील म्हणून."

"काय?"

"दाराबाहेर तिला आतून गुणगुणणं ऐकू आलं. आपल्या मुलाला कोण निजवतंय? चोराला पकडायचा म्हणून तिने चपला काढल्या, हळूच किल्ली फिरवली आणि दार धाडकन ढकललं."

"आणि?"

"आणि कुणी नाही. हलता पाळणा." बाईंनी चिमणीच्या मुठीतून आपला चष्मा सोडवला. "साहेब म्हणतात ठरवून नेलं. मला वाटतं, दचकली. दचकलेलं माणूस हातातली वस्तू टाकून पळतं. मग हिने का नाही टाकली, तेवढं मला जुळत नाहीये."

भागूबाई टेबल पुसत होती. फडकं तसंच थांबलं.

"वस्तू सुटते, बाई. मूल सुटत नाही. दचकलं की उलट जास्त घट्ट धरलं जातं."

बाईंनी चिमणीला एका हाताने सावरलं. मग फोन उचलून त्यांनी साहेबांना लावला, पत्रक काढून टाका म्हणून सांगितलं. समोरचं बोलणं भागूबाईलाही ऐकू आलं, साहेबांचा आवाजच तसा. "बाई, तुमचं एक 'असेल' आणि माझे शंभर 'झालंय'. मी काय करू, सांगा?"

फोन ठेवल्यावर बाई म्हणाल्या, "तेही चुकीचे नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं." आणि मग चिमणीच्या डोक्यावरून एक बोट फिरवत, अगदी हळू, "आणि मूर्खासारखं हिचं रडणं मी वाजत ठेवलं. ज्याला कुणी 'ओ' देत नाही असं रडणं. तुझी मी माफी मागायला हवी ग."

भागूबाईला त्या बोलण्याचा अर्थ पुरता कळायला जिना उतरेपर्यंतचा वेळ लागला. ते रडणं जिने ऐकलं, तिला आता चिमणीचा आवाज ओळखीचा झाला होता.

६

रविवारी दुपारी वारा सुटला. नवऱ्याला कामावर बोलावणं आलं होतं. गच्चीवर चिमणीची झबली वाळत होती आणि चिमणी नुकती झोपली होती. गुरुवारपासून भागूबाईने तिला डोळ्यांआड होऊ दिलं नव्हतं, न्हाणीचं दारही उघडं टाकून आंघोळ केली होती. पण एक झबलं उडून गच्चीच्या कठड्यावर लटकलेलं तिला खिडकीतून दिसलं. एकच मजला वर. तिने दाराला कुलूप लावलं, ओढून बघितलं, पुन्हा ओढून बघितलं, आणि गेली.

उतरताना चिमणीचं रडणं कानावर आलं. जागी झाली होती. भागूबाईचे पाय भराभर पडू लागले. दोन पायऱ्या उरल्या असताना रडणं थांबलं.

दमून थांबलं नाही. हुंदके देत, कमी कमी होतही नाही. मधेच, तोंडाशी कुणी गाल लावल्यासारखं थांबलं. मग हुं हुं, हुं हुं.

उरलेल्या दोन पायऱ्या ती उतरली. कुलूप समोर लटकत होतं, जसंच्या तसं. किल्ली तिच्या मुठीत होती. तिने स्वतःला सांगितलं, खालच्या मावशींचा रेडिओ असेल. मावशी गावाला गेल्या होत्या. मग सांगितलं, आपलेच कान वाजताहेत. पण पाळण्याची करकर कानांत नव्हती, दाराआड होती.

समोर भिंतीवर साहेबांचं पत्रक होतं. दार एकदम उघडा. सगळं अंग तेच म्हणत होतं, घाल धाड, ओढून घे आपलं लेकरू. किल्ली कुलपाच्या तोंडाशी गेलीसुद्धा. आणि तिला तो हलता रिकामा पाळणा दिसला.

जिने जन्मभर दारं घाईने लावली, कडी वाजली की जिचा जीव वर गेला, ती भागूबाई दारापुढच्या पायरीवर खाली बसली. हातातले कपडे मांडीवर घेतले. आणि खाकरली. मोठ्याने, म्हातारा माणूस खाकरतो तशी.

आतलं गुणगुणणं थांबलं.

"आले हं," ती म्हणाली. आवाज फुटत होता, तो तिने सांभाळला. "जिना चढतेय. पाय दुखतात माझे. सावकाश येतेय."

आत काही हललं नाही.

"घाई नाही काही," ती म्हणाली. आता ती चिमणीशी बोलत नव्हती. "मी रागावले नाही. दमली असशील तूही. नीट ठेव तिला. मानेखाली हात धर, मग ठेव. मी इथेच बसलेय, तू सांगितल्याशिवाय येत नाही."

किती वेळ ती बसली कोण जाणे. एकेक झबलं उलगडून घडी घालत गेली, घडी मोडून पुन्हा घालत गेली. डोळ्यांतून धार लागली होती, पण आवाज नाही. मग आत पाळणा एकदा करकरला, वजन पडल्यावर करकरतो तसा, आणि स्थिर झाला.

ती उठली. किल्ली वाजवत फिरवली. दार बोटभर उघडलं, मग हातभर.

पाळणा भिंतीला टेकून असतो, मधे तळहात जाईल एवढीही फट नाही. त्या भिंतीकडच्या काठावर बोटं होती. पाळणा हलू नये म्हणून धरलेली, तरुण, घाबरलेली बोटं, नखं कातरून बारीक केलेली, बाळाला ओरखडा नको म्हणून. एकेक करून ती सुटली. मग नुसता काठ.

चिमणी कुशीवर होती, तोंड भिंतीकडे, पाठीशी वळकटी. भागूबाईने नाकापुढे बोट धरलं. श्वास चालू होता, संथ. ती पाळण्याशी गुडघे टेकून बसली, आणि तेव्हा तिचा हात गादीवर पडला. चिमणीच्या पायांशी एक लहानसा खळगा होता. ऊन. चिमणीपेक्षा बारक्या बाळाएवढा. त्याला दुधाचा वास येत होता, आणि तो वास तिच्या दुधाचा नव्हता.

चिमणीला उचलायला त्या निजवणारीला दोन्ही हात लागले होते. तेवढा वेळ तिने हातातलं, चौथ्या घरातलं बाळ खाली ठेवलं होतं.

७

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. एकदाही 'भास झाला असेल' म्हणाल्या नाहीत. त्या दोघी चौथ्या घरी गेल्या. ती आई गादीवर भिंतीला टेकून बसली होती, डोळे सुजलेले. भागूबाईने तिला तो खळगा किती लांब, किती रुंद, ते हाताने दाखवलं. तिने तोच हात धरून ठेवला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

"ऊन होता ना?" तिने एवढंच विचारलं.

"ऊन होता. ती त्याला खाली ठेवायला शिकतेय, ताई."

तेव्हापासून ती आई रोज दुपारी पाळण्यात धुतलेलं दुपटं घालते, दार नुसतं लोटते आणि खाली अंगणात जाऊन बसते. वर येताना प्रत्येक पायरीवर बोलते. अजून पाळणा रिकामाच असतो. पण परवा दुपटं चुरगळलेलं होतं, म्हणाली.

साहेबांनी पत्रकं काढली नाहीत. त्यांचा राग नाही, त्यांनाही ते बाळ परत आणायचंय. म्हणून हे तुम्हाला सांगायचं. तुमच्या जिन्यात, कामावर, जिथे कुणाच्या घरी तान्हं असेल तिथे हे पोचवा. बाहेरून आलात आणि आतलं रडणं मधेच थांबलं, तर दार ढकलू नका. खाकरा. काहीतरी बोला, रागाचं नको. तिला मूल नीट खाली ठेवू द्या. आणि आत गेल्यावर पाळण्यात तुमच्या बाळाशेजारी आणखी एक बाळ निजलेलं दिसलं, तर घाबरू नका, त्याला उठवू नका. आधी त्याच्या आईला निरोप धाडा.